पहिला तोडा

“मग लावायचा कुठला, ते एकदाचं सांगा ना बाबा.”

हैबती सकाळपासून हेच विचारत होता.

मठाचे भिकनबाबा ओट्यावर बसले होते. माघातलं कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं आणि बाबांनी त्यात पाय लांब केले होते. पुढ्यात टोमॅटोच्या पाट्या. प्रत्येक पाटीत निराळी जात.

“वाफे तयार आहेत,” हैबती म्हणाला. “आता रोप टाकलं नाही, तर उन्हाळाभर मठात टोमॅटो नाही.”

“हं.”

“हं काय, बाबा?”

बाबांनी एक टोमॅटो उचलला. उन्हात धरून पाहिला. परत पाटीत ठेवला.

“लाल आहे,” म्हणाले.

मी शेजारीच कोथिंबीर निवडत बसलो होतो. मला हसू फुटलं. हैबतीनं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी मुकाट्यानं मान खाली घातली.

मी गेनबा. पायथ्याच्या गावात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चिंचखिंडीच्या मठात पंगत असली, की दुकानाला कुलूप घालायचं आणि वर जायचं. भाजी निवडायची, चिरायची, पंगतीत वाढायचं. लोक म्हणायचे, गेनबा मोठा भक्त. कसला भक्त नि कसलं काय! मी जायचो सारासाठी.

टोमॅटोचं सार. आता हॉटेलात बशीत वाटी ठेवून जे लाल पाणी आणून देतात, त्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. डोकं फिरतं माझं.

सार करायची सगुणाआत्या. मठाची स्वयंपाकीण म्हणा, नाहीतर मालकीण म्हणा. ती कुणाची सख्खी आत्या होती कुणास ठाऊक, पण बाबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे. कल्हईचं मोठं पातेलं, खाली बाभळीचा जाळ. टोमॅटो उकडायचे, घोटायचे, चाळणीतून गाळायचे. वरून तुपात जिरं, कढीपत्ता, ठेचलेली हिरवी मिरची. शेवटी गुळाचा खडा. बस्स. लपवाछपवीचं त्यात काही नव्हतं. पण फोडणी पडली की वाऱ्यावर तो वास पार खाली माझ्या दुकानापर्यंत यायचा आणि हातातली ट्यूब तशीच पाण्यात राहायची.

वाटी तोंडाला लावली की आधी आंबट यायचं. डोळे आपोआप मिटायचे. मग मागनं सावकाश गोड यायचं. लोक भात बाजूला सारून नुसतं सार मागायचे, आणि आत्या करवादायची, “अरे मेल्यांनो, विहीर आहे का माझ्या पातेल्यात?” आणि वाढायची.

काय दिवस होते! आता खिंडीत डांबरी रस्ता झाला. ओट्यावर पत्रे आले. बाबाही राहिले नाहीत. पण कधीमधी कुणाच्या तरी घरातनं तूप-जिऱ्याची फोडणी आली, की मी चालता चालता थांबतो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला चक्कर आली.

आत्याच्या टोमॅटोचं बी कुठनं आलं, कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायची, “माझ्या पोटातनं.” फळ दिसायला काही देखणं नव्हतं. चपटं, खाचाखाचांचं, देठापाशी हिरवटच राहणारं. साल इतकी पातळ, की बाजारापर्यंत न्यायचं म्हटलं तर वाटेतच फुटायचं. म्हणून ते कुणी लावत नव्हतं. मठात मात्र तेच.

आत्याची एक खोड साऱ्या पंचक्रोशीत ठाऊक होती.

झाडाला पहिलं फळ पिकलं, की ती वाफ्यात उभ्या उभ्या खायची. देवाच्या आधी, बाबांच्याही आधी. आणि एका झाडाचं नव्हे, झाडून साऱ्या झाडांचं. रस कोपरापर्यंत ओघळायचा, तो पदराला पुसायची. एखादं फळ खाऊन तोंड वाकडं करायची आणि उरलेलं शेळीपुढं टाकायची. एखादं आवडलं, की डोळे मिटून तशीच उभी राहायची. मग तोंडातल्या बिया हातावर थुंकायची आणि स्वयंपाकघराच्या सारवलेल्या भिंतीवर थापून टाकायची. चुलीमागची अख्खी भिंत त्या वाळलेल्या बियांनी भरलेली असायची. लावणीच्या वेळी नखानं खरवडून काढायची, की झालं बियाणं.

बायका नावं ठेवायच्या. “देवाला दाखवायच्या आधी हिच्या तोंडात!”

आत्या म्हणायची, “देवाला कुठं दात आहेत गं? मला आहेत, तोवर खाते.”

हैबती तिच्याच हाताखाली तयार झाला. पोरगा मोठा गुणी, हाताला चव, कामाला वाघ. पण भारी काटेकोर. उष्ट्याखरकट्याचा त्याला मनापासून वीट. बाबांच्या मठात तसलं काही अवडंबर नव्हतं, हे त्यानं स्वतःच स्वतःच्या मागं लावून घेतलेलं. आत्या बिया थुंकायला लागली, की हा तोंड फिरवायचा. ती मुद्दाम त्याच्यासमोर थुंकायची.

जीव मात्र होता दोघांचा एकमेकांवर. ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं यानंच केलं. घोट घोट सार भरवलं. शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं, तरी हैबतीचा हात धरून म्हणाली, “हैबत्या… माझं सार बंद पाडू नको रे.”

“नाही पाडणार,” हैबती म्हणाला. मी तिथंच उभा होतो. तो रडत नव्हता, पण त्याचा आवाज त्याचा राहिला नव्हता.

आत्या गेली. मग हैबतीनं स्वयंपाकघर लख्ख करून घेतलं. कुणा भक्तानं पांढऱ्या फरशा दिल्या, त्या चुलीमागच्या भिंतीवरचं बी खरवडून घेऊन तिला बसवल्या. आणि एक नेम लावला. पहिला तोडा समाधीचा. मठाच्या मूळपुरुषाची समाधी आहे ना, ओट्याच्या पलीकडं, तिच्यापुढं पहिल्या तोड्यातली उत्तमातली उत्तम फळं पाटी भरून ठेवायची. एक डाग नको, एक चीर नको. त्या फळांना माणसाचं तोंड लागायचं नाही. प्रसाद म्हणूनसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी फुलांबरोबर ती फळंही निर्माल्यात.

निर्माल्याची जागा समाधीच्या मागं, रचीव दगडांच्या गडग्याच्या आड. निर्माल्य पायदळी येऊ द्यायचं नाही, म्हणून तिकडं कुणी पाऊल टाकायचं नाही, हा दंडक मठाचा आधीपासूनचा. गडग्यावरून टोपली उपडी करायची आणि मागं वळायचं.

लोकांनी हैबतीचं कौतुक केलं. आत्या अशी, आणि चेला बघा कसा निघाला!

सार मात्र…

कसं सांगू? पहिल्या वर्षी कुणाला कळलं नाही. मग एकदा वाटलं, आज मागचं गोड काही आलं नाही. आंबट यायचं आणि तिथंच थांबायचं. पुढं पुढं आंबटही गेलं. हैबतीनं गूळ वाढवला, मिरची वाढवली, तूप दुप्पट केलं. लोक एक वाटी संपवायचे, “छान झालंय हं,” म्हणायचे आणि आमटीकडं वळायचे. ते “छान झालंय” ऐकलं, की हैबतीचा चेहरा पडायचा.

मागच्या वर्षी आत्याच्या तिथीला म्हादबा कुंभार पंगतीत बसला होता. म्हातारा माणूस, मनात काही वाईट नाही. वाटी खाली ठेवून आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “आत्याबरोबर सारही गेलं बाबा.”

हैबती वाढत होता. त्यानं पळी पातेल्यात सोडली आणि मागच्या दारानं निघून गेला. उरलेली पंगत मी वाढली.

तेव्हापासून त्यानं ध्यास घेतला. कुठं कुठं फिरला, कुणाकुणाच्या शेतातनं रोपं आणली, वाफे पाडले, प्रत्येक जात निराळी लावली. आणि आज परत आत्याची तिथी होती. दुपारी पंगत बसायची होती. हैबतीनं पहाटेच उठून प्रत्येक जातीचं थोडं थोडं सार केलं होतं आणि वाट्या बाबांपुढं मांडल्या होत्या. पाट्यांच्या पुढं वाट्या आणि वाट्यांच्या पुढं ती पळी, घासून, पुसून, लखलखीत.

“ही पळी कशाला आणलीस इथं?” बाबांनी विचारलं होतं.

“यातला एखादा जमला, तर उचलीन,” हैबती म्हणाला होता. “नाहीतर तुमच्या पायाशी राहू द्या. आज पंगत झाली, की मी खिंड उतरतो. आत्याला शब्द दिला आणि पाळता आला नाही. कुठल्या तोंडानं राहू मठात?”

तो हे उगाच बोलत नव्हता. त्याची वळकटी मी दाराशी पाहिली होती.

“आता हा बघा,” हैबती म्हणाला. त्यानं पहिली वाटी पुढं केली. “हा गोल, बाजारातला. साल कडक. डोंगरावरून गडगडत सोडला तरी फुटत नाही. महिनाभर टिकतो.”

बाबांनी घोट घेतला.

“कसा आहे?”

“टिकाऊ आहे.”

“बाबा, सार कसं आहे?”

“गरम आहे.”

हैबतीनं ओठ आवळले. दुसरी वाटी पुढं केली.

“हा लांबट. याच्यात गर भरपूर, पाणी कमी, बिया नावाला. चटकन आटतो. याचा सॉस केला मी, बाटल्या भरून ठेवल्यात. पोरं चपातीला लावून खातात. भाजीत घाला, रस्सा दाट होतो.”

बाबांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला.

“सॉस करावा याचा,” म्हणाले.

“आणि सार?”

“सॉस चांगला होतो.”

“हा गोटीएवढा. झुबक्यानं लागतो. साखरेसारखा गोड.”

बाबांनी याही वाटीतला घोट घेतला आणि पाटीतला एक टोमॅटो उचलून माझ्याकडं फेकला. मी झेलला आणि तोंडात टाकला. गोड होता. पण उकडून, गाळून त्याचं सार म्हणजे नुसतं गोड पाणी.

शेवटची वाटी हैबतीनं पुढं केली नाही. ती तशीच राहिली.

“ही?” बाबांनी विचारलं.

“ही… आपलीच. मठाची गावठी.”

“दे की.”

“काय द्यायची? तिच्यात काही उरलं नाही, बाबा.” हैबतीचा आवाज चढला. “बी तेच, माती तीच, विहीर तीच. हात तिनंच शिकवलेला. एकाही वर्षी मी बाहेरचं बी मिसळलं नाही. मग चव गेली कुठं? काय पाप केलं मी?”

बाबांनी वाटी स्वतःच उचलली आणि सगळी पिऊन टाकली. बाकीच्या वाट्यांतला त्यांनी घोट घोट घेतला होता, ही मात्र तळापर्यंत. मिशी पुसली.

“बी कधी धरतोस?” त्यांनी विचारलं.

“शेवटच्या तोड्याला. वेली सुकायला लागल्या, की जी राहिली असतील ती फळं घ्यायची आणि बी काढायचं.”

“मधल्या तोड्यांचं काय?”

“पंगतीला. मधली चांगली चांगली बघून सारात.”

“आणि पहिल्या तोड्याचं?”

हैबती ताठ बसला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर तजेला आला.

“पहिला तोडा समाधीचा, बाबा. तुम्हाला माहीतच आहे. उत्तमातलं उत्तम फळ समाधीला. एकही मी कधी उष्टं केलं नाही. चव बघण्यापुरतंसुद्धा नाही. आत्याचं प्रेम आपल्या जागी, पण तिचं ते… ते मी बंद केलं.”

एक बुलबुल आला, समाधीच्या कळसावर बसला आणि मागं गडग्याआड उतरला. बाबा त्याच्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं तो परत वर आला. चोच पुसली, उडून गेला.

…

“हात दे,” बाबा म्हणाले.

हैबतीनं हात दिला. बाबा उठले. गुडघे वाजले त्यांचे. उठता उठता त्यांनी पुढ्यातली पळी उचलली.

“कुठं निघालात?”

पळी हातात धरून हळूहळू चालत ते समाधीला वळसा घालून मागं गेले. हैबती मागं, मी त्याच्या मागं. गडग्यापाशी दगड ढासळून एक खिंडार झालं होतं. बाबा तिथं थांबले. पलीकडं निर्माल्य. वाळलेल्या झेंडूच्या माळा, तुळशी, बेलाची पानं, कितीतरी वर्षांची. कुजून कुजून काळी झालेली, वर पुन्हा नवी पडलेली.

बाबांनी पाय उचलला.

“बाबा!” हैबती ओरडला. “निर्माल्य आहे ते!”

“आहे की,” बाबा म्हणाले आणि पाय आत ठेवला.

मग दुसरा.

हैबतीनं कपाळाला हात लावला. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. भिकनबाबांसारखा माणूस निर्माल्य तुडवत चालला होता, आणि तेही पळी हातात घेऊन! आत गडग्याच्या कोपऱ्यापाशी बाबा वाकले. पळीनं त्यांनी सुकलेल्या माळा बाजूला सारल्या.

खाली वेल होता.

टोमॅटोचा. त्याला ना काठी, ना बांध. जमिनीवर वाटेल तसा पसरलेला. खालची पानं पिवळी पडलेली, शेंड्याला फुलं. आणि मध्ये फळं. चपटी, खाचाखाचांची, देठापाशी हिरवट. बरीच पाखरांनी टोचलेली. पण लाल. त्या पानांना पळी लागली आणि टोमॅटोच्या पाल्याचा तो उग्र वास एकदम माझ्या नाकात भरला. आत्या वाफ्यातनं बाहेर आली, की तिच्या लुगड्याला हाच वास असायचा. मी कितीतरी वर्षांत तो घेतला नव्हता.

हैबती खिंडारात उभा होता. पाय आत टाकवत नव्हता आणि डोळे बाहेर काढवत नव्हते.

“हा… हा कुणी लावला?”

“मला टोमॅटोतलं काय कळतंय?” बाबा म्हणाले. “पाखरं रोज येतात, एवढं बघतो मी.”

हैबती बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, म्हणून मला दिसलं. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याचे ओठ हलायला लागले.

“ही माझी फळं…” तो म्हणाला. “मीच वाहिलेली. मी निवडून निवडून… ती इथं पडली. इथंच उगवली.” त्यानं वाफ्यांकडं हात केला. “आणि वाफ्यात मी काय लावत राहिलो? कुणाला नको म्हणून राहिलेलं. दरवर्षी सगळ्यात चांगलं इथं आणून टाकलं आणि सगळ्यात हलकं जपून ठेवलं. मीच घालवली की हो आत्याची चव… माझ्या हातानं…”

तो मटकन खाली बसला. मला फार वाईट वाटलं त्याचं. त्यानं काही आळस केला नव्हता, काही चोरलं नव्हतं. जितकं जीव लावून केलं, तितकं बिघडलं होतं. असल्या माणसाला काय म्हणून समजवायचं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा वेलापाशी उभे होते. त्यांनी खाली वाकून चाचपडत एक फळ तोडलं. पाखरांनी न टोचलेलं. छातीवर पुसलं. हात पुढं केला.

“खा.”

हैबतीनं मान वर केली.

“आज आत्याची तिथी आहे, बाबा. अजून नैवेद्य व्हायचाय.”

“खा.”

“एवढीच तर फळं आहेत. ही बियाण्याला ठेवू. जपून ठेवतो आता. एकाला हात लावत नाही.”

“हैबती,” बाबा म्हणाले, “खा.”

“पण समाधीच्या मागं उभं राहून… देवाला न दाखवता… बाबा, आयुष्यात मी कधी…”

बाबांचा हात पुढंच होता. ते वेलापाशी, हैबती खिंडारात. मध्ये निर्माल्य.

खाली गावातनं पंगतीला येणाऱ्यांचे आवाज यायला लागले होते. कुणीतरी बैलगाडी जुंपून आलं होतं, घुंगरं वाजत होती.

…

हैबती उठला. त्यानं डोळे मिटून हात जोडले, आणि पाय आत टाकला. झेंडूच्या माळा त्याच्या टाचेखाली चुरचुरल्या. तो बाबांपाशी गेला आणि त्यांच्या हातातनं ते फळ घेतलं.

“ही पण धर,” बाबांनी पळी त्याच्या दुसऱ्या हातात दिली. “मला हात मोकळा पाहिजे.”

हैबतीनं पळी धरली. फळ तोंडाशी नेलं. परत खाली घेतलं. परत नेलं.

चावा घेतला.

रस त्याच्या मनगटावरून कोपराकडं ओघळला. पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं दुसरा चावा घेतला आणि तो थांबला. डोळे मिटले. तसाच उभा राहिला.

मला काय झालं कुणास ठाऊक. मला वाफ्यात उभी आत्याच दिसली. तीच मान, तेच मिटलेले डोळे, तोच कोपरावरनं टपटपणारा रस. मी काही लपवलं नाही, उपरण्यानं डोळे पुसले.

हैबतीच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं.

“येतंय,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “बाबा… मागनं गोड येतंय.”

“हं.”

“म्हणजे आत्या निवडत होती! आम्ही म्हणायचो हावरट, उष्टी. आणि ती… प्रत्येक झाड चाखून, ती निवडत होती, बाबा!”

“खात होती,” बाबा म्हणाले. “तिला फार आवडायचे.”

हैबती रडता रडता हसला. आणि एकदम गप्प झाला. गर त्यानं गिळला होता, बिया तोंडात राहिल्या होत्या. त्याच्या गालावरनं कळत होतं. गिळाव्यात, तर गेल्या. थुंकाव्यात, तर कुठं? समोर समाधी. पायाखाली निर्माल्य. एका हातात अर्धं फळ, दुसऱ्या हातात पळी. तो इकडं बघायला लागला, तिकडं बघायला लागला. माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार?

मग बाबांनी आपला मोकळा हात उचलला. ओंजळीसारखा केला आणि हैबतीच्या हनुवटीखाली धरला.

हैबतीचे डोळे मोठे झाले. ज्या हातापुढं तो रोज सकाळी डोकं टेकवायचा, तो हात. त्यानं जोरजोरात मान हलवली. एक पाऊल मागं सरला.

बाबांचा हात तसाच त्याच्या मागं गेला.

“उंहुं…” हैबती मिटल्या तोंडानं म्हणाला. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. “उंहुं, उंहुं…”

ओट्याकडनं कुणीतरी हाक मारली, “अरे हैबती, चूल पेटायची की नाही आज?”

गडग्यावर तो बुलबुल परत येऊन बसला होता.

“थुंक, लेका,” भिकनबाबा म्हणाले. “आत्या वाट बघतेय.”